व्हॉल्व्ह कुठाय?

नाथाजी हवालदार चोर नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच कुणी मला तोडायला नको. इस्लामपूरच्या बाजारात अजून दोन-चार शहाणे भेटतात. नाथाजीचं नाव काढलं की डोळा मिचकावून म्हणतात, "त्यो व्हॉल्व्हवाला व्हय?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो. अरे, तुमच्या घरचे रेडिओ त्या माणसानं जिवंत ठेवले, आणि तुम्ही डोळे मिचकावता? पण त्यांना शिव्या घालायला मला तोंड नाही. पाच वर्षांपूर्वी ही आग लागली ती माझ्यामुळं.

मी अर्जुना, कराडचा. चौऱ्याहत्तर साली मी नानासोंच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत होतो. नानासो म्हणजे वाळवा तालुक्यातले मोठे ऊसवाले, गाण्याबजावण्याचा भारी षोक. सगळी वाद्यं त्यांच्या मालकीची, मी वाजवायचो ती गिटारसुद्धा त्यांचीच. पुण्याच्या एका हॉटेलातला बँड मोडला तेव्हा तिथला विलायती अँप्लिफायर त्यांनी उचलून आणला. आत दिव्यासारख्या पेटणाऱ्या काचेच्या व्हॉल्व्हचा, दोन गड्यांनी उचलावा एवढा जड. त्याला एको होता. रिव्हर्ब हे त्याचं खरं नाव मला पुढं हवालदारानं सांगितलं, आम्ही सगळे एकोच म्हणायचो. पेटीच्या तळाशी पत्र्याच्या डब्यात स्प्रिंगा ताणून बसवलेल्या, त्यांतून आवाज फिरून आला की एकेक सूर विहिरीत बोलल्यासारखा घुमायचा. आणि तो चालू-बंद करायला लांब वायरीच्या टोकाला पायानं दाबायचं बटण. त्या बटणानंच सगळा घात केला. बटण बिचारं काय करणार म्हणा, घात मी केला.

त्या वर्षी गणपतीत एको बसला. बटण कितीही दाबा, आवाज कोरडा ठणठणीत. नानासोंनी सांगलीला पेटी नेऊन दाखवली, तिथल्या मेकॅनिकनं झाकण उघडलं, आत बघितलं आणि लावून टाकलं. "असलं कधी बघितलं नाही," म्हणाला. निदान खरं तरी बोलला. मग कुणी तरी नाथाजीचं नाव सांगितलं आणि नानासोंनी ती पेटी आणि मला जीपमध्ये घालून इस्लामपूरला धाडलं.

नाथाजी तेव्हा चाळिशी उलटलेला, उंच, वाळका, मिशी कातरलेली. इस्लामपुरापासून दोन कोसांवर त्याचं गाव. तो लहान असतानाच आईबाप पटकीत गेले. थोरला भाऊ आकाराम चौदा वर्षांनी मोठा. त्यानं ह्याला वाढवला, शाळेत घातला, अठराव्या वर्षी हाताला धरून कोल्हापूरला भरतीला उभा केला. नाथाजी फौजेच्या सिग्नल विभागात गेला, वीस वर्षं वायरलेसचे सेट दुरुस्त करत फिरला आणि हवालदार होऊन परत आला. शेतीत अर्धा वाटा मागायला आलाय असं गावाला वाटलं. पण आकाराम म्हणाला, "तू शिकलायस त्ये कर. बैलं माझी मी बघतो." म्हणून इस्लामपुरात हे रेडिओ दुरुस्तीचं दुकान.

बाजारच्या दिवशी आकारामदादा दुकानात यायचा. फेटा मांडीवर ठेवून स्टुलावर बसायचा, चहा प्यायचा, आणि दुरुस्त झालेला रेडिओ वाजायला लागला की जो कोण गिऱ्हाईक असेल त्याला सांगायचा, "माझा धाकटा हाय ह्यो." बस, एवढंच. त्या एका वाक्यासाठी नाथाजी आठवडाभर राबायचा. बायको हरणाबाई चिडवायची त्याला, "दादा येनार म्हनून आज कंगवा फिरवलाय बगा."

माणूस तापट होता. रेडिओत पाणी सांडून आणलेल्या गिऱ्हाइकाला तो दुकानाबाहेर उभं करून झापायचा. पण कामाला बसला की एक हात पॅन्टीच्या खिशात. मी विचारलं, हे काय? तर म्हणाला, "आत चारशे व्होल्ट हाईत गड्या. दोनी हात घातलं तर करंट छातीतनं जातू. एक हात खिशात, म्हंजी मानूस घरी." आणि दुसरी रीत अशी, की काढलेला प्रत्येक भाग कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यायचा. मेलेला असला तरी. "तुझं हाय त्ये तुज्याकडं. उद्या माज्यावर नाव नगं."

आमच्या पेटीचं दुखणं त्यानं तासाभरात काढलं. आधी बटणाची पिन मागच्या भोकातून ओढून काढली. एको आला, पण अगदी क्षीण. मग पेटीला बाजूनं थाप मारली. स्प्रिंगा हलल्या की आत ढग गडगडल्यासारखा आवाज यायला पाहिजे, तो आला पण लांबून आल्यासारखा. म्हणजे स्प्रिंगा ठीक, पण त्यांना ढकलणारा कुणी तरी दमलाय. त्याच नंबरचा दुसरा व्हॉल्व्ह पेटीत दुसऱ्या जागी होता. हवालदारानं दोघांची अदलाबदल केली. एको ठणठणीत झाला, पण बाकीचा आवाज लंगडा. "हे बघ, रोग जागा बदलून बसला. ह्यो व्हॉल्व्ह मेलाय." तसला विलायती मिळणं कठीण, म्हणून त्याच नंबरचा देशी व्हॉल्व्ह घातला. मेलेला विलायती कागदात गुंडाळून माझ्या हातात ठेवला. "नानासोस्नी दे आन् सांग, म्या दिला म्हनून." मी तो गिटारच्या पेटीतल्या कप्प्यात टाकला.

मग त्यानं पायाचं बटण उघडलं आणि त्याचं डोकंच फिरलं. आत कुंकू, हळद, दोन तांदूळ आणि गंजलेला चिकट गाळ. "ह्यात पूजा कुनी घातली रं?"

मी घातली होती. खोटं कशाला सांगू? माझा बाप भजनात पखवाज वाजवायचा. वाद्याला पाय लागला तर लगेच वाकून हात लावायचा, कपाळाला न्यायचा, हे आमच्या हाडात. आणि इथं तर वाद्याच्या एका भागावर मी रोज चप्पल काढून का होईना, पाय देत होतो! मला ते सहनच होत नव्हतं. म्हणून प्रत्येक कार्यक्रमाआधी नारळ फोडला की थोडं पाणी त्या बटणावर शिंपडायचं, कुंकू लावायचं, आणि मनात म्हणायचं, चूकभूल पोटात घाल.

हवालदारानं मला असा झापला म्हणता! "गाढवा, ह्ये बटन एको चालू करत न्हाई, बंद करतं. दाबलं की आवाजाची वायर अर्थिंगच्या तारेला चिकटती आन् एको मरतो. आत पानी ग्येलं की वायर न दाबताच चिकटती. तुजा नारळच तुजा एको मारतोय." मग जरा शांत झाला. "पाया पड की. कोन नगं म्हनतंय? पन कोरडं पड. आन् पुन्यांदा एको ग्येला तर आदी ही पिन उपटून बघ. एको आला, तर रोग बटनात." मी कान धरले. हरणाबाईनं दोघांना चहा दिला. मी पेटी घेऊन परत आलो आणि तो व्हॉल्व्ह नानासोंना द्यायचा विसरलो. विसरलोच. तेव्हा तरी मनात काही नव्हतं.

पुढच्या महिन्यात खंडेनवमी आली. घरोघरी नांगर, विळे, कुऱ्हाडी मांडून पूजा, आणि आमच्याकडं वाद्यं. नानासोंच्या वाड्याच्या सोप्यात सगळी वाद्यं मांडलेली, त्यांच्या घरची मंडळी बसलेली. मी प्रत्येक वाद्याला हळदकुंकू लावत चाललो आणि बटणापाशी थांबलो. हवालदाराचं बोलणं आठवत होतं, सगळं आठवत होतं. पण खंडेनवमीच्या दिवशी ज्याच्यावर वर्षभर पाय दिला तेवढं एकच कोरडं ठेवायचं? माझा हात ऐकेना. नारळाचं पाणी ओतलं. शिंपडलं नाही, चांगलं ओतलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. एका साखर कारखान्याचा बॉयलर पेटायचा होता आणि दुपारी चारला मैदानात आमचा कार्यक्रम. दोन-तीन हजार माणूस. पहिल्या रांगेत सभासद ऊसवाले, त्यांत आकारामदादा. स्टेजच्या कडेला नाथाजी, आपण दुरुस्त केलेली पेटी कशी वाजते ते ऐकायला मुद्दाम आलेला. दादानं शेजारच्याला बोट दाखवून काही तरी सांगितलेलं मी बघितलं. काय सांगितलं असेल ते मला माहीत आहे.

दुसऱ्याच गाण्याला एको मेला. वर खरखर सुरू झाली. मला कळलं. त्या क्षणी कळलं! हात मागं नेऊन पिन उपटायची, एवढंच काम होतं. पण पिन उपटली की नानासो विचारणार बटणाला काय झालं, बटण उघडलं की पाणी निघणार, आणि काल पाणी कुणी ओतलं ते त्यांच्या अख्ख्या घरानं बघितलेलं. मी नुसता बटणावर पाय आपटत राहिलो.

नानासो स्टेजवर आले. हातात माईक, चालू. पेटीच्या मागं वाकून त्यांनी आत बघितलं आणि ओरडले, "आरं, ह्यो तर देशी व्हॉल्व्ह हाय! माझा विलायती कुठं ग्येला?" भोंग्यांतून ते सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. त्यांना माईक बंद करायचं भान नव्हतं, की करायचा नव्हता, देव जाणे. "हवालदारानं माल बदलला! चोरी केली राव, चोरी!"

नाथाजी दोन ढांगांत स्टेजवर चढला. त्यानं पिन उपटली आणि पेटीला थाप मारली. धडाडधूम! मैदान दचकलं. "ऐकलं? एको जित्ता हाय. मेलंय ते बटन." खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढून त्यानं बटण उघडलं, उलटं केलं, आणि लालसर पाणी सगळ्यांच्या देखत स्टेजवर सांडलं. लोक हसले. पाणी कुठलं ते कुणी विचारलं नाही. वाटलं, संपलं. सुटलो.

पण नानासो हट्टाला पेटले होते. एवढ्या माणसांत हसू झालं होतं ना त्यांचं! "त्ये ऱ्हाऊ द्या हवालदार. व्हॉल्व्ह कुठाय?"

"ह्येच्या हातात दिला," नाथाजीनं माझ्याकडं बोट केलं. "कागदात गुंडाळून. इचारा ह्येला."

व्हॉल्व्ह गिटारच्या पेटीत होता. पेटी माझ्या पायाशी होती. नानासोंनी माईक माझ्या तोंडासमोर धरला. मला फक्त एवढंच दिसत होतं, की खरं बोललो तर विसरलेला व्हॉल्व्ह निघणार, मग नारळ निघणार, आणि गळ्यातली गिटार जाणार. मी म्हणालो, "मला काय ठाव न्हाई."

तोंड सडायला पाहिजे होतं माझं. चार शब्द! आणि तेही माईकवर.

पहिल्या रांगेत आकारामदादा उठला. त्यानं फेटा सारखा केला, कुणाकडं बघितलं नाही, माणसांतून वाट काढत निघाला. नाथाजी ओरडला, "दादा!" माईक जवळच होता, ती हाक भोंग्यांतून सगळ्या मैदानावर गेली. दादा थांबला नाही.

त्यानंतरचे महिने नाथाजीनं कसे काढले ते मला हरणाबाईनं सांगितलं. उन्हाळ्यात मी काही तरी निमित्त काढून दुकानात गेलो होतो, तो माल आणायला मिरजेला गेलेला. तिनं एक रेडिओ उघडून माझ्यापुढं ठेवला. आतल्या प्रत्येक व्हॉल्व्हवर नेलपॉलिशचा लाल ठिपका. "लोकं खुना करून देत्यात आता," ती म्हणाली. "परत नेताना हितंच उगडून मोजत्यात, ह्येंच्या तोंडासमोर. वीस वर्सं फौजेत काडली ह्या मानसानं. त्ये गप बसत्यात आन् मोजू देत्यात." आणि बाजारचा दिवस आला की स्टूल पुसून ठेवतात, म्हणाली. दादा येत नाही. दिवाळीला हे गावाला गेले, भावजय अंबूबाईनं जेवायला वाढलं, दादा पंगतीतून उठून गोठ्यात जाऊन बसला. "आमच्या घरात कुनाची काडी कुनी उचलली न्हवती," एवढंच बोलला. लोकांचं काय, लोक विसरतील. पण त्या घरात नाथाजीचा बाप म्हणा, आई म्हणा, सगळं एकच माणूस होतं, आणि त्यानं तोंड फिरवलं होतं.

हे ऐकून मी काय केलं? चहा प्यायलो आणि कराडला परत आलो. मी स्वतःलाच शिव्या घालतो ना, त्या उगाच नाहीत.

श्रावणात पेटीचा एको पुन्हा बसला. पिन उपटूनही येईना, कुणाला दुरुस्त होईना. नानासोंनी मला शाल आणि नारळ देऊन हवालदाराकडं धाडलं. "झालं गेलं सोडा म्हनावं." स्वतः आले नाहीत. नाथाजीनं शाल रस्त्यावर फेकली. नारळ माझ्या हातात परत कोंबला आणि म्हणाला, "ह्यो त्या बटनावर फोड जा."

मग मी रडलो. भर दुकानात. आणि सगळं सांगितलं, नारळाचं, व्हॉल्व्हचं. मला वाटलं मारेल. त्यानं मारलं नाही. डोळे लाल झाले होते, आवाज मात्र खाली आला. "मला ठावं हाय की समदं, मला काय सांगतोस? नानासोला सांगू नगंस. माईकवर बोलू नगंस. गिटार ठेव तुजी. फकस्त दादाकडं जा. गोठ्यात असतो त्यो. त्येला एकट्याला सांग आन् ये."

एवढं सोपं करून दिलं त्यानं मला. दोन कोस! मी म्हणालो, "उद्याच जातो." नाही गेलो. आज पाऊस, उद्या तालीम, परवा गणपतीचे कार्यक्रम. त्या म्हाताऱ्याच्या तोंडासमोर उभं राहायची हिंमत होत नव्हती. मग मी मनाशी एक शहाणपणा काढला, की गोठ्यात कुजबुजण्यापेक्षा दसऱ्याला त्याच मैदानात, त्याच माईकवर सांगतो. जिथं नाव गेलं तिथंच परत मिळेल. केवढा मोठेपणा! भित्रा माणूस असाच मोठमोठे बेत करतो आणि जवळचं काम टाळतो.

दसरा आला. तेच मैदान, तीच दुपार. एको नाहीच, गिटार कोरडीच वाजत होती. दुसरं गाणं संपलं आणि मी माईक ओढला. कागद सोडून व्हॉल्व्ह वर धरला. म्हणालो, "ह्यो नानासोंचा विलायती व्हॉल्व्ह. वर्षभर माझ्यापाशी हाय. हवालदारानं माझ्या हातात दिलता. मी खोटं बोललो. बटनात पानी मीच ओतलं. नाथाजी हवालदार चोर न्हाई." नानासोंनी माईक हिसकला, नंतर गळ्यातली गिटार काढून घेतली. घ्या म्हटलं. पहिल्या रांगेत आकारामदादा दिसला नाही. वाटलं, रागानं आला नसेल, सांगतील कुणी तरी त्याला घरी जाऊन. मला एकदम हलकं वाटत होतं. लाज नाही, हलकं!

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं इस्लामपूरला गेलो. वाटेत मनात चित्रं रंगवत होतो, हवालदार उठून मिठी मारतोय, हरणाबाई तोंड गोड करतेय.

नाथाजी दुकानाच्या पायरीवर बसला होता. डोक्यावर टोपी नव्हती. डोकं भादरलेलं, आणि त्यावर नुकते उगवलेले पांढरे खुंट.

"कोण...?" मी विचारलं.

"पितरपाठात ग्येला दादा," तो म्हणाला. "वीस दिस झालं."

मी काही तरी बोलायला गेलो. तो ओरडला, "गप! तू काल बोललास त्ये ऐकलं म्या. समद्या तालुक्यानं ऐकलं. रातीपास्नं लोकं येत्यात हितं, हवालदार चुकलं आमचं म्हनत्यात. मला काय करायची ती लोकं?" दारात हरणाबाई उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मग त्याचा आवाज फुटला. "शेवटच्या दिशी बोलावलं मला दादानं. वरसानं हात धरला माजा. म्या म्हनलो, दादा, म्या न्हाई रं चोरला. तर म्हनाला, 'आसू दे नाथा. चुकतं मानूस. चोरला आसलास तरी माजाच हाईस. म्या माफ केलं तुला.'"

तो उठला आणि माझ्या सदऱ्याची पुढची बाजू मुठीत धरली.

"माफ केलं मला! न केलेल्या चोरीची माफी दिऊन ग्येला त्यो! आता ती कुनाला परत करू, सांग की, अर्जुना!"